टाकीनंतरचं पीठ

९ फेब्रुवारी १९६४, रविवार

रफ!

आशाच्या स्थळासाठी आपल्या गिरणीवरच्या बन्सीला नाशिकला धाडलं होतं. मुलाचे वडील काकासाहेब, पाटबंधारे खात्यात मोठे साहेब. फोटो बघून, बन्सीकडं घरची चौकशी करून म्हणाले म्हणे, "मुलगी चांगली वाटते. घर जरा रफ दिसतं."

"म्हणजे वाईट का रे?"

"वाईट नाय, शेठ."

"मग चांगलं?"

"तसं बी नाय!"

पुढच्या रविवारी बघायला येतायत. पोरीचं सोनं व्हायची वेळ, आणि मी एका शब्दात अडकलोय.

१० फेब्रुवारी

हैदर मास्तरांना गाठलं. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, मी धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचो, तेव्हा मला उर्दू लिहायला यांनीच शिकवलं. त्यांच्याकडं इंग्रजीचा जाडजूड कोश आहे — अर्धा वाळवीनं खाल्लेला. चष्मा पुसत म्हणाले, "मियाँ, बहुत पुराना लफ्ज़ है. हज़ार साल पहले मतलब था — बालोंवाला."

केसाळ! घोंगडीसारखं! मग न नांगरलेली जमीन. मग खवळलेला समुद्र — त्याला आधी निराळा शब्द होता, तो मेला, त्याचं काम बी याच्याच गळ्यात. शिवाय पैलू न पाडलेला हिरा, अंदाजी हिशेब, दांडगट माणूस, बसलेला आवाज...

आपल्याकडं कापड खरखरीत, रस्ता खडबडीत, पीठ भरड, हात राकट, माणूस रांगडा. ज्याचं त्याला. इंग्रजानं सगळे एकाच पोत्यात कोंबलेत. काकासाहेबांनी त्यातलं मला काय म्हटलं? हिरा का घोंगडी?

१२ फेब्रुवारी

बायकोचं, साळूचं, फर्मान — "पाव्हण्यांपुढं लई, व्हय, नाय असलं काई बोलायचं नाय."

"मग बोलू काय?"

"हसायचं फकस्त."

आशा हसून हसून लोळली. म्हणते, "आई, आबांना खुर्चीवर बसवून वर चादरच टाक ना!"

मास्तरांनी स्वागताची गोड वाक्यं लिहून दिलीत. इंग्रजीत. घोकतोय. जीभ वळंना.

१३ फेब्रुवारी

गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं, करपट वास मारतं. मग मी टाकी-हातोडा घेऊन त्याला टोचत बसतो, पुन्हा खडबडीत करतो. माझं सगळं पोट त्या खडबडीवर! आणि घरात बायको मला घासून गुळगुळीत करतीय. दोन्ही खरं कसं?

१५ फेब्रुवारी

दगडाचा आवाज बदलला होता, कानाला लगेच कळलं. टाकी लावली. उद्याच्या पोळ्यांचे गहूही दळून दिले. वाक्यं जवळजवळ पाठ.

१६ फेब्रुवारी, रविवार

घात झाला!

टाकी लावली की आधी म्हशीची ज्वारी दळायची. दगडाची कच तिच्यात निघून जाते, मगच माणसांचं पीठ. गिरणी टाकल्यापासून कधी चुकलो नाही. काल इंग्रजी घोकत घोकत सरळ घरचे गहू ओतले!

पुरणपोळी वाढली. काकासाहेबांनी पहिला घास घेतला — कच्. मला समोरून ऐकू आलं. मग त्यांच्या बाईंचा — कच्. मग मुलाचा. कुणी थांबेना. "वा! काय मऊसूत पोळ्या!" बाई म्हणाल्या. मी आपला हसतोय. "घ्या ना, अजून घ्या!"

आशानं आत तुकडा तोडून पाहिला असावा. ताडकन बाहेर आली, मुलाला थेट विचारलं, "कचकच लागतीय का?"

"छे, छे! उत्तम झाल्यात," म्हणाला. आणखी एक मागून घेतली!

साळूनं डोळ्यांनीच तिला आत ढकललं. इंग्रजी वाक्यं? एक बी आठवलं नाही.

१७ फेब्रुवारी

मास्तरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "इसको तहज़ीब कहते हैं." असेल सभ्यता. पण दातांखाली दगड आणि तोंडी मऊसूत — याला माणुसकी म्हणू का खोटं? कळंना.

१८ फेब्रुवारी

होकार! बन्सी धावत सांगत आला — "घर लई साधं, आपुलकीचं म्हणाले!" मग ते रफ गेलं कुठं? जाऊ दे. आपला बी होकार लगेच कळवला. साळूनं देवापुढं साखर ठेवली.

२० फेब्रुवारी

नकार कळवला. आशानं सांगितलं म्हणून. होकार देताना तिला कुणी विचारलंच नव्हतं — आज मी विचारलं.

म्हणाली, "मी तोंडावर विचारलं तरी तो छान म्हणाला. उद्या त्याच्या घरी मला काय टोचतंय, ते त्याला कसं सांगू?"

मी म्हणालो, "अगं, तो कच् आवाज मला ऐकू आला होता. माझी लाज राखली त्यानं."

"व्हय. पण आबा, तुम्हाला तर पहिल्याच घासाला ऐकू आलं होतं. तुम्ही का वाढत राहिलात?"