सदतिसावा मणी

धार, ४ नोव्हेंबर १९०९

आज दुपारी धारला पोचले. देवासहून निघताना बाबांनी टांग्याच्या घोड्याचे चारही नाल स्वतः तपासले. नालबंदाची मुलगी नोकरीला चालली आणि वाटेत घोडा लंगडला तर लोक हसतील, म्हणाले. आमच्या घरात लेखणी धरणारी मी पहिलीच.

काम मोठे मजेचे आहे. माझे मालक बळवंतराव, इथले रावसाहेब, दरबारच्या जंगलखात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी ब्रह्मदेशातून तृणमणी आणवले आहेत, त्यांची नोंदवही मी लिहायची. मधाच्या रंगाचे खडे, आणि प्रत्येकात लाखो वर्षांपूर्वीचा एक किडा. झाडाचा चीक ओघळला, किडा अडकला, चिकाचा दगड झाला. रावसाहेबांनी एक मणी शालीवर घासून गवतावर धरला, तर काड्या टुणकन उडून त्याला चिकटल्या. मी मोठ्याने हसले, मग ओशाळले.

स्वयंपाकघरातल्या पार्वतीने विचारले, मरेला कीड़ा की भी हाजरी लगे कांई? म्हटले, हो, आणि गैरहजर राहायची त्यांना सोय नाही.

६ नोव्हेंबर

आधी मण्यावर स्पिरिटचा थेंब टाकायचा. व्यापारी कधीकधी चंद्रूस खपवतात. तो अलीकडचा चीक, थेंबाने चिकट होतो. तसा निघाला तर बाजूला काढायचा. मग भिंगातून पाय आणि पंख मोजायचे. दोनच पंख असले तर बहुधा माशीच्या गणात. आठ पाय असले तर कोळी, त्याची वही वेगळी. रावसाहेबांची अट एकच: दिसेल ते लिहायचे, वाटेल ते नाही. मला हे मानवेल. मी दौतीचे झाकणसुद्धा दोनदा तपासते.

पहिल्या छत्तीस नोंदी त्यांच्या पत्नीच्या, सुमंगलाबाईंच्या हातच्या आहेत. अक्षर मोत्यासारखे. त्या मनावरला माहेरी गेल्या आहेत म्हणे.

माझी पहिली नोंद: क्र. ३७. मुंगी. पाय सहा, पंख नाहीत. जबड्यात पांढरा कोश. थेंबाने चिकट झाला नाही.

कोश म्हणजे मुंग्यांचे तान्हे. चीक अंगावर येत असताना ती पळाली असेल, तरी कोश सोडला नाही. हे वहीत लिहिले नाही, इथे लिहिते.

९ नोव्हेंबर

माझ्या हातून चूक झाली. पडताळा घेताना पाहते तो कोश जबड्यात नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर वेगळा आहे. असे कसे लिहिले मी? तांबड्या शाईने दुरुस्ती करून रावसाहेबांना सांगितले. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. तुमच्याकडे कुणी लहान गेले आहे का, एवढेच विचारले. हो म्हटले. त्यांच्या कोटाच्या खिशात एक मणी असतो, त्याला क्रमांक नाही. विचारताना त्यांचा हात त्यावर मिटला. सदतीस कापसात गुंडाळून ठेव पोरी, आणि अडतिसापासून पुढे लिही, म्हणाले.

११ नोव्हेंबर

कापूस काढून पाहिला. मुंगीने कोशाकडे पाठ फिरवली आहे.

कुणाला सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहिते. मालन, माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी प्लेगात आम्ही टोंकखुर्दच्या वाटेवर झोपडीत राहिलो होतो. बाबा कामावर गेले होते. माझी पाचवीची परीक्षा होती. मालनच्या अंगात फणफणून ताप. म्हणाली, ताई, कडी नको गं लावू. तापाच्या भरात बाहेर भटकेल म्हणून लावली. दुपारपर्यंत येतेच म्हटले.

शेजारच्यांनी नंतर सांगितले, ती ठोठावत होती. थांबत थांबत. रोगाच्या भीतीने कुणी उघडले नाही.

मी पास झाले. पहिल्या नंबराने.

१३ नोव्हेंबर

मणी अखंड आहे. आत मुंगी नाही. कोश एकटा. वहीत तसेच लिहिले.

पार्वतीला विचारले, बाईसाहेब मनावरहून कधी येणार? ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, कोणती गाडी आली होती त्यांना न्यायला? बाळ गेल्यापासून बाईसाब तुम लिखते उसीज कमरे में बैठे रहते. एके दिवशी दार फोडावे लागले. आतून कडी होती. आत कुणी नव्हते.

१४ नोव्हेंबर

मण्याच्या आतल्या बाजूने अंगठ्याचा ठसा उमटला आहे. लहान. रेषा स्वच्छ दिसतात, आणि त्यांवरून तिरपी चीर. मालनला विळीवर कापले होते. चिंधी मीच बांधली होती.

दिसेल ते लिहायचे. दिसते आहे.

रावसाहेबांनी खिशातला मणी दाखवला. आत हिरव्या बांगडीचा तुकडा. बाकीचे मी पाहिले नाही. आमच्या हिनेही बाळासाठी थेंब टाकला होता, मणी उघडायला, म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मला देवासला परत पाठवताहेत. टांगा सकाळी.

१५, सकाळ

टांगा दाराशी आहे. पार्वतीने ट्रंक ठेवली. मी वही आणायला म्हणून आत —

मणी गरम आहे. ऊन तिथे पोचलेले नाही. माझ्या वेणीचे टोक त्याच्याकडे ताणले जाते, काडीसारखे.

आतून ठोठावते आहे. थांबत थांबत.

दाराला कडी घातली. थेंब टाकला —

चिकट झाला.

—

अंगठा आत गेला. दुखत नाही. डाव्या हाताने लिहिते. राळेचा वास, तोंडातही. खिडकी पिवळी, दौत पिवळी. रावसाहेब दारावर धक्के मारताहेत, फार लांबून —

बाबांना कळवा, घोडा लंगडला ना —

केवढासा हात. ताप आहे गं अजून, मालन. उघडलं, बघ, उघडलं —

क्र. ३७. मुंगी परत आली. कोश जबड्यात. सोडला ना