पाचवी तार

१३ एप्रिल २०१६, उदगीर
चार तारा की पाच? डोकं फिरलंय! आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक मलप्पाकाका त्यांचा चार तारांचा बेस गिटार विकायलेत — इतके दिवस मी वाजवते तोच. "दाने, घेतीस तर घे, न्हाईतर गिऱ्हाईक हाय." लातूरच्या दुकानात पाच तारांचा आहे. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे एकालाच पुरतील. अन् आप्पांचं तिसरंच — "लग्नाची पोरगी अन् लाकूड बडवती! पाव्हणे बघायला यायच्या आत हे घरातनं गेलं पायजे." मग निवडायचं काय, कप्पाळ!

१६ एप्रिल
लातूरला जाऊन आले. अख्खं शहर घागरी घेऊन रांगेत, आणि मी विचारतेय, "पाचवी तार केवढी जाड?" लाज वाटली. पण छेडली अन् पोटात घुमली! गिटारची मान मात्र पोळपाटाएवढी. अंगठा मागच्या मागे हरवला.

१७ एप्रिल
मलप्पाकाका: "चारवर माझा जन्म गेला. पाचवी काय दूध देती का?" उदगीर जिल्हा होणार म्हणून यांनी ड्रमवर 'जिल्हा ऑर्केस्ट्रा' रंगवूनही घेतलंय! पाण्यापायी लग्नं पुढं ढकलली, सुपारी एक न्हाई. घरी आईचा, म्हणजे अव्वाचा, निकाल वेगळाच: "पाचच घे. नमः शिवाय — अक्षरं पाच. त्यातलं कुठलं गाळशील?" हसून मेले.

१९ एप्रिल
चार. ठरलं.

२० एप्रिल
पाच!

२१ एप्रिल
चारच. हात माझा एवढुसा. रविवारी काकांना हो सांगणार.

२३ एप्रिल
आप्पा मठात भजन गायचे, पण गळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज खाली बसलाय. मठातले पेटीवाले पंचाक्षरीमामा अजून त्यांची जुनी उंच पट्टी, काळी तीनच धरतात. आप्पांची पट्टी उतरवायची म्हणजे अपमान! अन् आप्पाही "खाली घ्या" म्हणायचे न्हाईत. भजनाला जायचंच सोडलं. दर सोमवारी "दुकानात गर्दी हाय." मोंढ्याचा बाजार ओसाड पडलाय, कसली गर्दी!

आज ज्वारी निवडताना गुणगुणत होते. घरात कुणी न्हाई असं वाटलं त्यांना. पांढरी दोन, कितीतरी खाली! मी हळूच बेस घेतला, त्यांचा खालचा सा शोधायला. चार तारा संपल्या, सा अजून दोन घरं खालीच. माझ्या आप्पांना खालून धरायला माझ्याकडं काहीच न्हाई. रडूच आलं.

२४ एप्रिल
काकांना नाही म्हटलं. "येडी हायस!" म्हणाले. लातूरची बस, अन् पाच तारा घरात! आप्पा जेवले न्हाईत.

२५ एप्रिल
दार लावून वाजवत बसले. पांढरी दोनचा सा, बाकी काही न्हाई. बाहेर आप्पांच्या चपला थांबल्या. भीती वाटली, पण मी थांबले न्हाई. मग त्यांनी सा लावला — दाराबाहेरूनच, एकदाच — अन् खोकत निघून गेले.

२ मे, सोमवार
आप्पांनी दुकान लवकर बंद केलं. म्हणाले, "दाने, ते घे अन् चल मठात. पाव्हण्यांनाबी तिथंच बोलवलंय. बघू दे."