माणसं किती, एवढंच विचारलंत

अहो,

‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, राग तसूभर कमी झालेला नाही. आज लिहितेय, कारण हिवतापाच्या कामावरचे साहेब शहापूरला घरी येऊन तुमची वही मागून गेले. टोकावड्याकडच्या कोणत्या पाड्यांना तापावरचं कोयनेल द्यायचं, ते तुमच्या समीकरणावरून ठरणार आहे म्हणे!

लढाईमुळे परदेशातून येणारं कोयनेल मिळेनासं झालं, तेव्हा तुम्हा गणिताच्या मास्तरांना स्फुरण चढलं. आजारी किती, डास किती, माणसं किती हे मांडलं, की ताप कुठे वाढेल आणि कुठे आपोआप विझेल ते कळतं, असं तुम्ही सांगायचात. मला किती कौतुक वाटायचं!

डोळखांबला माझ्या माहेरीही वही नेलीत. आईला विचारलंत, “घरात माणसं किती?”

“पाच मानसं, जावयबापू.”

पाच लिहून मोकळे झालात. आपली सुमी तिथेच ओटीवर मामाच्या पोरांबरोबर सागरगोटे खेळत होती. पोटची लेक दिसली नाही तुम्हाला?

प्रत्येक पाड्यावर हेच. माणसं थोडी, त्यांत आजारीही थोडे, म्हणून ताप विझेल, असं उत्तर आलं आणि कोयनेल दुसरीकडे गेलं. ताप तर न मोजलेल्या पोरांतच मुरला होता. आजोळी राहिलेल्या सुमीलाही तो चढला, आठ दिवसांत ती गेली.

आई ऊर बडवून म्हणाली, “अगो, त्यांनी मानसं इचारली. पोरां कुटं इचारली?”

आमच्याकडे माणसं म्हणजे मोठी, कामाला जाणारी. शेंबडं पोरही सांगेल हे! मला विचारायला तुमची जीभ झडली असती का? मी मध्ये बोलले, तर म्हणालात, “तुला यातलं काय कळतं?” मग बीजगणित शिकवलंत कशाला?

चूक कळल्यावर तरी काय केलंत? तोच ताप अंगावर काढलात आणि मरून सुटलात. एक आकडा दुरुस्त केला नाहीत.

वही चुलीत घालणार होते. पण डोळखांबची पोरं धरून पुन्हा मांडून पाहिलं. ताप विझत नाही, वाढतो. तुमचं समीकरण बरोबर आहे. म्हणून तर जास्त चीड येते! नीट विचारलं असतंत, तर सुमी आज असती.

उद्या मी टोकावड्याला जातेय. पाड्यापाड्यावर पोरं मीच मोजणार, आणि आधीची चूक कशी झाली तेही सांगणार. लग्नानंतर तुमचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. चूक कोणाची, असं कोणी विचारलं, तर उद्यापासून नुसतं घेईन, मोठ्याने.

सुमीची आई