गव्हाच्या कणगीतले पासपोर्ट

निरवांगी, मार्च १९९६

आत्या,

तुमच्या सुनेचा नमस्कार.

पासपोर्ट मी लपवले होते. तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून एकदा निघायला पाहिजे.

मस्कतला परत जायच्या बॅगा भरताना ते सापडेनात, तेव्हा ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. गहू काढताना ते तुमच्या हाताला आधीच लागले असणार. तुम्ही चुलीपुढनं उठलात, कणगीत कोपरापर्यंत हात घातलात आणि पासपोर्ट ह्यांच्यापुढं टाकलेत. “म्याच ठिवलं व्हतं. ल्योक जवळ ऱ्हावा वाटलं.”

ह्यांनी आमच्या पिंकीदेखत तुम्हाला नको नको ते बोलून तुमच्या लेकीकडं कऱ्हाटीला धाडलं. मी खाली मान घालून कणीक मळत राहिले.

आदल्या दिवशी माझ्या पाठीला तेल लावताना तुमचा हात वळांवर थांबला होता. “तितं शेजारी कोन हाय का गं?” एवढंच विचारलंत. मी व्हय म्हणाले. खोटं बोलले. तितं मस्कतला हे कामाला जाताना आम्हा मायलेकींना आत ठेवून बाहेरनं कुलूप लावतात.

हे पत्र टाकता येणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही. वन्सं वाचून दाखवतील, आणि भावाला कळवतील.

उद्या जीप कऱ्हाटीवरनंच जाईल. थांबायचं नाही, असं हे म्हणालेत. आत्या, तुम्ही रस्त्याला येऊ नका. तुम्ही दिसलात तर मला रडू येईल, आणि का रडले ते मला मस्कतला गेल्यावर ह्यांना सांगावं लागेल.

तुमची,
दिपाली