निफाडचं पान

३ फेब्रुवारी
त्रेपन्नाव्या वर्षी गृहपाठ. फोटोग्राफीच्या वर्गात सरांनी एका जगप्रसिद्ध विलायती छायाचित्रकाराची व्यक्तिचित्रं दाखवली. मागे पांढरं कापड, बाजूने खिडकीचा उजेड, हसू नाही, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. त्याच्या पद्धतीने एक माणूस टिपून आणायचा. वर्गातल्या पोरांना आजोबा आहेत. मला थोरला भाऊ.

५ फेब्रु.
अण्णांना विचारलं. रामकुंडावर उपाध्येगिरी करतात. यजमानांच्या पिढ्यांची वही परक्याला फोटोत घेऊ देत नाहीत. मला म्हणाले, "पाठशाळेतून पळालास, कॅमेरा घेऊन परत आलास. ये."
पळालो नव्हतो. वर्तमानपत्रात नोकरी लागली होती. त्यांच्या शेजारची बैठक मात्र माझ्यासाठी ठरलेली, ती रिकामीच राहिली.

८ फेब्रु.
सकाळी बैठकीवर. वहिनींची पांढरी चादर दोरीवर. अण्णा इस्त्रीचं उपरणं घेऊन नवरदेवासारखे. म्हटलं, हसायचं नाही. "हसण्यासारखं काय आहे?" कॅमेऱ्याचा विसर पडावा म्हणून म्हटलं, वही वाचा. "गाव सांग." सांगितलं, कळवण. पान उघडलं आणि एका घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा. एकदाही अडखळले नाहीत. पाठशाळेत मी दुसऱ्या चरणालाच...
तेवढ्यात टिपलं.

१२ फेब्रु.
वर्गात फोटो पडद्यावर. सर म्हणाले, "हा प्रदर्शनात." टाळ्या. मला जुनी खोड, अक्षर दिसलं की वाचायचं. त्या विलायती गृहस्थाच्या कृपेने वहीही लख्ख आली होती. पानाच्या माथ्यावर गाव : निफाड. कळवण नव्हे. खाली अलीकडच्या ओळी जुन्या नावांवर चढलेल्या. पणजोबांच्या डोक्यावर पणतू.
अण्णांना दिसत नाही.
सगळे अभिनंदन करत होते. चहा पाजावा लागला.

१३ फेब्रु.
अण्णा घाटावर असताना वहिनींना गाठलं. मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन वर्षं होतील, भावजी. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. दर रविवारी येता, त्यांच्यासमोर बसून चहा घेता. मला वाटलं, कळलं असेल."
नवी नावं मी लिहू का, असं वहिनींनी अण्णांना विचारलं होतं. अण्णा म्हणाले, धाकट्याचं अक्षर चांगलं आहे, तो येईल.
वृत्तान्त लिहून पोट भरतो मी. निरीक्षण चांगलं म्हणतात.

१६ फेब्रु.
प्रदर्शन घाटाजवळच्या हॉलमध्ये. अण्णांनी झाडून सगळ्या उपाध्यांना आमंत्रणं केलीत. त्यातला एक जरी फोटोपुढे दोन मिनिटं थांबला तरी पान वाचेल. मग यजमान दुसऱ्या बैठकीकडे वळायला कितीसा वेळ.
फोटो मागे घ्यावा, तर अण्णांना कारण काय सांगू?
वही कापून नुसता चेहरा ठेवून पाहिला. वही असली की वाचणारा माणूस दिसतो. काढली की नजर कुठेच नाही. कापलेला जास्त वाईट.

१९ फेब्रु.
संध्याकाळी अण्णांकडे. सरांचा निरोप आलेला होता, उद्या फ्रेम आणून द्या. उत्तर दिलेलं नाही.
वहिनी आत गेल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "त्या फोटोत मी वाचताना दिसतो ना?"
"दिसता."
"मग झालं."
इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, इतकं निखालस खोटं कधी छापायला दिलं नव्हतं. की खोटं नव्हतं? दिसतात तर खरंच. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "उद्या सकाळी कळवणचे यजमान येतायत. दोन नातवंडांची नावं घालायची आहेत." मग, "तुला वेळ असेल तर."
बघतो, म्हणालो. पाठशाळा सोडतानाही हाच शब्द वापरला होता.