सातव्या गटाचं मलम

अवधपुरी, भोपाळ
३ फेब्रुवारी २०२५

ती. निर्मलामावशीस शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून स्पीड पोस्टने लिहितेय. आईच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळली आहे. बोटं ताबडतोब काढा, असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, पायाला हात लावू देणार नाही, शमिकाचं मलम लावा.

माझ्या पीएचडीत अशाच जखमांवर बारा उपचार तपासले, प्रत्येक गटात आठ रुग्ण. सातव्या गटाची, म्हणजे माझ्या मलमाची, सरासरी सगळ्यांत चांगली. सगळ्या गटांच्या सरासऱ्या ताडून पाहणाऱ्या चाचणीत, अनोव्हात, फरक लक्षणीय आला, साध्या पट्टीशी तुलना केली तर आणखीच. आकडे सोबत आहेत. तू तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंस. मावशी, एकदा हो म्हण गं.

तुझ्या मायेच्या भरवशावरची,
शमिका

नागपूर
६ फेब्रुवारी

चि. शमिकास अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यापासून टेबल सोडलं नाही. तुझ्या शहाण्णव जखमांना, कोणती किती लवकर भरली त्यानुसार, हातानेच एक ते शहाण्णव क्रमांक दिले. क्रमांकांवरून पाहिलं तर बारा गटांत वेगळेपणा दिसत नाही. सातव्यातले तिघे झपाट्याने बरे झाले, त्यांनीच सरासरी वर ओढली. उरलेले पाच पार तळाशी आहेत. शिवाय बारा गटांच्या जोड्या होतात सहासष्ट. कशातच काही नसलं, तरी दोन-तीन जोड्या योगायोगाने चमकतात. तू नेमकी तसलीच एक उचललीस, पोरी.

मलम वाईटच आहे असं नाही. पण पाय पणाला लावावा एवढा पुरावा नाही. वसुधा माझी धाकटी बहीण आहे. माझ्याच हिशेबात चूक सापडावी म्हणून सगळं तीनदा मोजलं. सापडली नाही. तिला आजच न्या.

तुम्हा दोघींच्या काळजीत,
निर्मलामावशी

अवधपुरी
१३ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

नऊ तारखेला ऑपरेशन झालं. पाय गुडघ्याखाली काढला.

तुला एक लिहिलं नव्हतं. पहिलं पत्र टाकलं, त्याच दिवशी मी मलम लावायला घेतलं होतं. तुझं उत्तर येईपर्यंत पाच दिवस लावलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं.

डॉक्टरांचं हे बोलणं आईला ठाऊक नाही. तिला वाटतं, मलम आणखी आठवडाभर लावलं असतं तर पाय राहिला असता, निर्मलाने अडवलं. तुझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करते, आणि मी गप्प बसते. चार दिवस झाले, मी गप्पच आहे.

मावशी, ये. तू काही बोलू नकोस, मीच सांगेन. सांगताना फक्त माझ्याजवळ बस.

तुझी अपराधी,
शमिका