पाहुण्याचा हालहवाल

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची शोरदापला. कराचीची बस, मग तुरबतपासून पिकअपच्या हौद्यात बकऱ्यांशेजारी बसून आले, अंगाचं पार भुसकट झालंय, पण जीव खूश आहे. मुलींच्या शाळेत मास्तरीण, स्वतःची खोली, समोर खजुरीची बाग. आणखी काय हवं?

घरमालकीण गोहर पन्नाशीची, कमी बोलणारी. तिचा मुलगा बिजार निळ्या गाडीतून सरहद्दीपलीकडचं डिझेल आणतो. लाजरा आहे, मान वर करत नाही, पण माझी ट्रंक एकट्यानं उचलून आत ठेवली. काळा चहा, सुकी मासळी, तुपातला खजूर, पोट तट्ट भरलं.

एक मात्र खटकलं. गोहरनं पाणी दिलं आणि हालहवाल विचारलाच नाही. बलोचाच्या घरी पाहुणा पाणी प्यायला की यजमानानं विचारायचं आणि पाहुण्यानं सांगायचं. कुठून निघालो, वाटेत कोण भेटलं, पाऊस कुठं पडला, कोण गेलं, कोणाला मूल झालं. तेही खरंच सांगायचं. हालहवालात खोटं बोलणाऱ्याला आमच्यात कुत्रं विचारत नाही. मी वाटभर सगळं मनात जुळवत आले होते, ते तसंच गिळलं.

आणि दाराशी मर्दानी चपलांचा एक जोड धुळीनं माखून पडलाय. काय हा गबाळेपणा.

७ ऑक्टोबर

गोहर एकटी नाही, अख्खा गाव तसलाच. वाणी सामान बांधतो आणि छताकडे बघतो. शाळेतल्या बायका 'बरी आहेस ना' म्हणतात आणि उत्तराच्या आत पसार होतात. आम्ही कराचीत लियारीच्या बोळात गटारावर पाय ठेवून उभे असतो, तरी हालहवाल सोडत नाही. आणि हे म्हणे अस्सल मुलखातले बलोच! रीतभात खुंटीला टांगलेली माणसं.

दारोदारी तशाच धुळकट चपला. आज मी गोहरकडचा जोड झटकून कपाटाखाली सरकवला. तिनं तो परत जागेवर ठेवला. नवऱ्याचा आहे म्हणाली. तो कुठं असतो विचारलं, तर पीठ मळायला निघून गेली.

११ ऑक्टोबर

आज कोणीतरी रीतीनं विचारलं, आणि तेही कोणी, तर फौजेच्या चौकीवरच्या सुभेदारानं. माणूस परमुलखातला, पण आमची भाषा अशी स्वच्छ बोलतो की गावकऱ्यांनी शिकवणी लावावी. शाळेतून येताना थांबवलं, सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं. मग अगदी घरच्या म्हाताऱ्यासारखं, बाई, हालहवाल द्या, असं म्हणाला.

कराचीतही वर्दीवाले माणसं उचलून नेतात, मला का ठाऊक नाही? पण पाणी पोटात गेलं होतं आणि विचारणाऱ्यानं रीत पाळली होती. मी दिला. शाळेचा, विहिरीचा, बकरी व्यायली त्याचा. बिजार पहाटे आला, मीच खोदून विचारलं तसं म्हणाला, वाटेत कॉलेजातला एक पोरगा पाय सुजून बसलेला भेटला, त्याला नदीपर्यंत गाडीत घेतलं, हेही सांगितलं. बिजारचं कौतुकच करत होते मी.

सुभेदार म्हणाला, भला मुलगा आहे.

१२ ऑक्टोबर

भर दुपारी आले. तोंडं बांधलेली. बिजार जेवत होता. एवढ्या बंदुका घेऊन एका जेवत्या माणसाला न्यायला यायचं, काय मर्दुमकी. त्याला हातही धुऊ दिले नाहीत. अनवाणी नेला.

 गोहरनं त्याच्या चपला उचलल्या आणि बापाच्या जोडाशेजारी लावल्या.

आता कळलं त्या चपला कसल्या. गावभर.

१४ ऑक्टोबर

मी आणि गोहर चौकीवर गेलो. साहेब म्हणतात, आम्ही कोणाला आणलंच नाही. तरणी पोरं मस्कतला पळतात, आईला सांगत नाहीत, तुम्ही उगीच रडता. हे सांगताना सुभेदार चहात बिस्किट बुडवत होता. मागं भिंतीला टेकून बिजारची निळी गाडी उभी. जनाची नाही, मनाचीही नाही. खोटं बोलायचं तर निदान गाडी तरी झाकायची. तेवढेही कष्ट नकोत मेल्यांना.

त्या कॉलेजातल्या पोरालाही नेलंय. त्यालाच शोधत होते म्हणे.

१५ ऑक्टोबर

गोहरला सांगून टाकलं. मीच बोलले. मीच.

वाटलं मारेल. ती म्हणाली, ठाऊक आहे, तुला खुर्चीवर बसलेली वाण्यानं पाहिलं होतं. आधी चौकीवाल्यांना आपली भाषा येत नव्हती, तेव्हा मारून विचारायचे. मग ही रीत शिकले. आता पाणी पाजून विचारतात, आणि आपण पडलो बलोच, खरं सांगतो. म्हणून गावानं विचारणंच सोडलं. विचारलं नाही की कळत नाही, कळलं नाही की सांगायला नको. तुला पहिल्या दिवशीच बजावायला हवं होतं, पण आपल्याच घरात पाहुण्याला मुकं राहा कसं सांगायचं.

आणि मी यांना गबाळे म्हणत होते. थुंकते मी माझ्या शहाणपणावर.

१८ ऑक्टोबर

सुभेदार घरी आला. साळसूद. सांत्वनाला म्हणे. चपलांच्या रांगेवरून पाय टाकून आत आला आणि गालिच्यावर मांडी घातली. कुंपणापाशी शेजारच्या बायका जमल्या.

गोहरनं वाटीभर पाणी दिलं. सवयीनं प्यायला. वाटी खाली ठेवली तशी ती समोर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, भाऊ, पाहुणा तू आहेस, पाणी प्यायलास, आता हालहवाल दे. कुठून निघालास. माझा बिजार कसा होता. त्याला पाणी कोणी दिलं.

इतकी वर्षं या गावात तो एकटाच विचारत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, सगळं खैर आहे, कुशल आहे.

कुंपणापाशी एक म्हातारी हसली. मग सगळ्या हसल्या. गोहरनं वाटी उचलून दगडावर फोडली. तो उठून गेला, मान लाल झालेली. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

१९ ऑक्टोबर

गोहरला नेलं. बाईमाणसाला. चार गाड्या—

तिच्या चपला मी लावल्या. तीन जोड झाले. 

शेजारीण म्हणते, कराचीला जा. गाडी मिळते. जाऊन काय सांगू तिथं? तिथं विचारतात.

२० ऑक्टोबर

शाळेत मुली नाहीत. रस्त्यात कोणी नाही. समोरच्या छतावर बायका उभ्या आहेत नुसत्या.

गाड्या वळल्या— धूळ दिसते.

भीती वाटते. फार. पण पळत नाही. हलकट, भित्रे, तोंड बांधून येतात—

दार उघडंच ठेवलंय. माठातून पाणी काढलं, प्रत्येकाला एकेक वाटी, ओळीनं मांडली. माझ्या चपला मीच लावल्या, गोहरच्या शेजारी.

बूट वाजतायत. सुभेदाराचा आवाज. भाषा स्वच्छ.

या. बसा. पाणी प्या. पाहुणे तुम्ही आहात, आधी तुम्ही सांगा. बिजार कुठे आहे, गोहर कु